फोटोचे पैसे कोणी दिले?

नेब्रास्का राज्यातल्या कस्टर काउंटीतला एक फोटो अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या जुन्या फोटोंच्या या संग्रहात अगदी सुरुवातीला घेतला आहे. उघडा माळ, मागे गुरं, आणि पुढे आवारात मधोमध ठेवलेली पायपेटी. तिच्याभोवती घरची माणसं ठेवणीतले कपडे घालून उभी आहेत. गुरांच्या आवारात पायपेटी कुठून आली? घरातून उचलून आणली होती. घरच्या बाईंना पूर्वेकडच्या नातेवाइकांना कळवायचं होतं की आमच्याकडे पेटी आहे. घर मात्र दाखवायचं नव्हतं, कारण ते मातीचं होतं. तेव्हा पेटी बाहेर आली, फोटो निघाला, पेटी पुन्हा आत गेली.

हे मातीचं घर म्हणजे आपल्या मराठवाड्यातलं धाब्याचं घर नव्हे. झाड औषधालाही नसलेल्या त्या माळरानावर गवताची जमीन मुळांसकट नांगरून उलटायची, तिच्या पट्ट्या कापायच्या आणि त्या विटांसारख्या एकावर एक रचायच्या. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळे. पाच वर्षं तिथे राहून ती कसून दाखवायची, की मालकी तुमची. जमीन मिळाली तरी लाकूड आणायला पैसे कुठले? म्हणून ही घरं. पावसात छप्पर गळायचं, आणि आत उजेड इतका कमी की त्या काळच्या कॅमेऱ्याला तिथे काही दिसणं कठीणच. सॉलोमन बुचर नावाचा गृहस्थ १८८६पासून घोडागाडीत कॅमेरा टाकून ही काउंटी पालथी घालत होता. शेती त्याला जमली नव्हती. काउंटीचा सचित्र इतिहास लिहायचा, असं त्याच्या डोक्यात भरलं होतं. त्याने ही घरं बाहेरूनच टिपली. दारासमोर टेबल, टेबलावर कापलेलं कलिंगड, एका रांगेत घोडे, कुत्री, एका ठिकाणी तर टेकाडाला लागून असलेल्या छपरावर चढलेली गाय. निगेटिव्हची काच खराब झाली तर हा गडी तिच्यावर टोकदार वस्तूने एखादं झाड कोरून वेळ मारून नेई. १८९९मध्ये त्याचं घर जळलं, हस्तलिखित गेलं. काचा धान्याच्या कोठारात होत्या म्हणून वाचल्या. १९०१मध्ये त्याचा इतिहास छापून निघाला. आज इतिहास कोणी फारसा वाचत नाही, फोटो मात्र शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचले आहेत.

जुना फोटो हाती आला की आपण विचारतो, हे कोण, कुठले, केव्हाचे. अमेरिकेतल्या छोट्या गावांचे हे फोटो पाहताना मी आणखी एक प्रश्न जवळ ठेवला होता, आणि वाचकांनीही तो ठेवावा असं मला वाटतं. या फोटोचे पैसे कोणी दिले? प्रश्न जरा रोकडा आहे. पण पायपेटी बाहेर का आली, याचं उत्तर त्यातच आहे. पैसे देणाऱ्याला कोणाला तरी काहीतरी दाखवायचं असतं. ‘रोजचं जगणं’ म्हणून आपण जे पाहतो, ते बहुतेक वेळा रोजचं नसतंच. आवरून, सावरून, निवडून पुढे केलेलं असतं. रोजचं असतं ते कोपऱ्यात, जिकडे पैसे देणाऱ्याचंही लक्ष नव्हतं आणि घेणाऱ्याचंही. बाईंनी घर लपवलं, पण गुरं, चिखल आणि तो अंत नसलेला माळ फोटोत आलाच.

मराठी वाचकाच्या मनातली अमेरिका ही बहुतेक शहरांची आणि त्यांच्या उपनगरांची. मुलगा न्यू जर्सीत, भाची कॅलिफोर्नियात. गणपतीला हॉलमध्ये जमलेली मंडळी आणि अधिवेशनातली नाटकं. महामार्गावरून जाताना पेट्रोल भरायला जिथे उतरायचं आणि पुढे जायचं, ते गाव आपल्या बघण्यात येत नाही. गंमत अशी की मराठीतली पहिली ठळक अमेरिका छोट्या गावातूनच आली. जून १८८३मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या आणि राहायला गेल्या त्या न्यू जर्सीतल्या रोझेल या लहान गावी, थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी. त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने खांबांवरून तारा ओढून या गावात विजेचे दिवे लावून दाखवले होते. आनंदीबाईंचा सगळ्यांना ठाऊक असलेला फोटो मात्र फिलाडेल्फियाचा आहे, १० ऑक्टोबर १८८५चा. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तो फोटो तिघींच्या रोजच्या जगण्याचा नाही. आपल्या वर्गात कुठून कुठून मुली येतात, हे त्या शिकत असलेल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजने जगाला त्यातून सांगितलं. पंडिता रमाबाई १८८६मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला गेल्या आणि दोन-अडीच वर्षं तो देश हिंडून आल्या. त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९मध्ये निघालं. तिथली घरं, शाळा, बायकांच्या संस्था त्यांनी शब्दांत उभ्या केल्या. त्याच वर्षांत बुचर नेब्रास्कात काचेवर तेच काम करत होता, दोघांना एकमेकांचा पत्ता नसताना.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करतो. जुन्या फोटोतली माणसं हसत नाहीत, कारण खूप वेळ स्थिर बसावं लागे, असं सर्रास सांगितलं जातं. सुरुवातीच्या काळात ते खरंही होतं. पण १८८०नंतर कोरड्या काचा आल्या आणि भर उजेडात क्षणात फोटो निघू लागला. तरी माणसं हसत नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांचे तालुक्याच्या स्टुडिओतले फोटो आठवा, ते तरी कुठे हसतात? फोटो ही मानाने बसायची गोष्ट होती. हसू आलं ते पुढे, कॅमेरा घरात आल्यावर.

तो घरात आला कसा, तेही थोडक्यात सांगायला हवं. १९०३मध्ये कोडॅकने घडीचा असा एक कॅमेरा काढला की त्याची फिल्म नेमकी पोस्टकार्डाच्या मापाची होती. १ मार्च १९०७पासून टपाल खात्याने कार्डाच्या पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची मुभा दिली, त्यामुळे दुसरी बाजू चित्राला पूर्ण मोकळी मिळाली. मग काय विचारता! गावातला औषधवाला, नवशिका फोटोग्राफर, शाळामास्तर, जो तो कार्डं छापू लागला. पूर आला, कार्ड. आगीत दुकान जळलं, कार्ड. मोठा भोपळा पिकला, त्याचंही कार्ड. जून १९०८ला संपलेल्या वर्षात अमेरिकेच्या टपालातून ६७ कोटींहून जास्त कार्डं गेली, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या नऊ कोटींच्या आतच होती. इथे पैसे देणारा गावकरीच, पाहणाराही गावकरीच. त्यामुळे या कार्डांतली गावं आपल्याला सर्वांत मोकळी वाटतात. मुख्य रस्ता, दुकानांच्या ओसऱ्या, पाण्याची टाकी, रेल्वेचं स्टेशन आणि त्यासमोर वाट पाहणारी टांग्यांची रांग. काही वर्षांनी त्याच जागी मोटारी.

पण मोकळेपणाची दुसरी बाजू इतकी काळी आहे की ती टाळून हा संग्रह काढणं लबाडी ठरली असती. काळ्या माणसांना जमावाने मारलं की त्याचीही कार्डं निघत. खाली उभी राहिलेली माणसं कॅमेऱ्याकडे बघतात, तोंड लपवत नाहीत. १९०८मध्ये कायद्यात बदल करून असली कार्डं टपालाने पाठवणं बेकायदा झालं. मग ती पाकिटातून गेली. मिसिसिपीतल्या कोलंबस गावात ओ. एन. प्रुइट या गोऱ्या फोटोग्राफरने सुमारे चाळीस वर्षं दुकान चालवलं. त्याने काळ्या-गोऱ्या सगळ्यांचे फोटो काढले. सहली, सर्कस, पूर, नदीत उतरून घेतलेली बाप्तिस्म्याची दीक्षा. आणि १९३५मध्ये जमावाने फाशी देऊन मारलेल्या दोन काळ्या तरुणांचाही. त्याच गावात वाढलेल्या बर्कली हडसन यांनी प्रुइटच्या फोटोंवर अनेक वर्षं काम केलं, त्यांचं पुस्तक २०२२मध्ये आलं. त्यांनी सहल आणि फाशी एकाच पुस्तकात ठेवली. ते बरोबर केलं असं मला वाटतं, कारण ती एकाच माणसाच्या कपाटात होती आणि एकाच गावात घडली होती.

विस्कॉन्सिनमधल्या ब्लॅक रिव्हर फॉल्स या गावाचं प्रकरण निराळं आहे. चार्ल्स व्हॅन शेक याने तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कितीतरी वर्षं स्टुडिओ चालवला. पाठीमागे रंगवलेले पडदे, पुढे वेताची खुर्ची, लग्नाची जोडपी, छोट्या शवपेटीत ठेवलेली तान्ही बाळं. १९७३मध्ये मायकल लेसी नावाच्या तरुण इतिहासकाराने हे फोटो घेतले आणि त्यांच्या जोडीला गावच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या लावल्या. वेड लागलेले, घटसर्पाने एकामागून एक गेलेली मुलं, स्वतःच्याच कोठाराला आग लावणारे. ‘विस्कॉन्सिन डेथ ट्रिप’ हे ते पुस्तक. ते वाचून अंगावर काटा येतो, आणि ते कमालीचं बेतलेलं आहे. १८९०च्या दशकात मंदी होती, रोगराई होती, हे खरंच. पण दहा वर्षांच्या बातम्यांमधून फक्त अपमृत्यू वेचले तर आपल्या कोणत्याही तालुक्याचं गाव असंच दिसेल. लेसीने फोटो कापले, उलटवले, जोडले. व्हॅन शेकला पैसे देणारी माणसं मात्र वेडाची कहाणी सांगायला आली नव्हती. लग्न झालं म्हणून आली होती. आणि मूल गेलं तर त्याचा दुसरा फोटोच नसायचा, म्हणून आली होती.

याच स्टुडिओत हो-चंक लोक येत. ते या भागातले मूळ रहिवासी. सरकारने त्यांना एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुन्हा विस्कॉन्सिनमधून उठवून पश्चिमेकडे नेऊन टाकलं, आणि ते पुन्हा पुन्हा चालत परत आले. मूळ अमेरिकन लोकांचे त्या काळातले गाजलेले फोटो आपण पाहिलेले असतात. बाहेरच्या फोटोग्राफरने, ‘आता हे नामशेष होणार’ अशा खात्रीने, पिसांचा साज चढवून काढलेले. हो-चंक कुटुंबं इथे गिऱ्हाईक म्हणून आली, खिशातले पैसे मोजून बसली. कोणी मण्यांच्या माळा आणि फितींचं कशिदाकाम घालून, कोणी कडक कॉलरचा सूट घालून, काही एकाच फोटोत दोन्ही. स्वतःचं काय दाखवायचं, ते त्यांनी ठरवलं. २०११मध्ये हे फोटो स्वतंत्र पुस्तकात आले. टॉम जोन्स हे त्याचे एक लेखक स्वतः हो-चंक आणि स्वतः फोटोग्राफर. फोटोतल्या माणसांची नावं, नाती, घराणी तिथे दिली आहेत. एकाच दुकानातल्या काचांमधून दोन पुस्तकं निघाली, आणि दोन गावं एकमेकांना ओळखही देणार नाहीत.

आता सरकारी पैशाकडे येतो. या संग्रहातला सर्वांत मोठा वाटा त्याचाच आहे. महामंदीत रूझवेल्ट सरकारने १९३५मध्ये शेतकऱ्यांच्या पुनर्वसनाचं एक खातं काढलं, ते पुढे फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन झालं. त्याच्या फोटो विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर स्वतः फोटो काढत नसत. त्याआधी ते अर्थशास्त्र शिकवत असत. त्यांनी डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली, मॅरियन पोस्ट वोलकॉट, जॉन व्हॅकन यांना गावोगाव पाठवलं. आठ-नऊ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह जमल्या. काँग्रेसच्या सदस्यांनी अशा योजनांना पैसे द्यावेत म्हणून दारिद्र्य दाखवायचं, हा मूळ हेतू. पण स्ट्रायकर यांच्या मनात काहीतरी मोठं होतं. इंडियाना राज्यातल्या मन्सी गावाचा अभ्यास करून १९२९मध्ये ‘मिडलटाउन’ लिहिणारे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांना ते १९३६मध्ये भेटले आणि परतल्यावर त्यांनी फोटोग्राफरांसाठी एक टिपणच तयार केलं. संध्याकाळी माणसं घरी काय करतात? गावात एकमेकांना भेटतात कुठे, दारूच्या गुत्त्यात, किराणा दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर? बायकांना भेटायला तेवढ्या जागा आहेत का? भिंतीवर काय लावलं आहे, आणि कमी पैसेवाल्याच्या भिंतीवर काय? सरकारी कागदात असे प्रश्न क्वचित सापडतात. त्यातला बायकांचा प्रश्न घेऊन आजही एखाद्याने आपल्या तालुक्याच्या गावात कॅमेरा फिरवावा.

या मंडळींतला माझा आवडता रसेल ली. शिक्षणाने केमिकल इंजिनीअर, मग चित्रकार, मग फोटोग्राफर. जून १९४०मध्ये तो पत्नी जीनसह न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउनला पोचला. पहिल्या महायुद्धावरून आलेला एक शिपाई तिथे रस्त्याकडेला सुक्या सफरचंदांचे ‘पाय’ हे भाजलेले गोड पदार्थ विकायचा, म्हणून गावाचं नाव हे. समुद्रसपाटीपासून सात-आठ हजार फूट उंच, पाणी कमी. टेक्सास-ओक्लाहोमात धुळीच्या वादळांनी शेती गेलेली कुटुंबं इथे येऊन राजम्यासारख्या पिंटो शेंगांवर तगून होती. अर्धी घरं जमिनीत खणलेली, वर ओंडक्यांची बांधणी. इथे लीच्या फ्लॅशचं महत्त्व कळतं. बुचर पन्नास वर्षांपूर्वी दाराबाहेर थांबला होता, ली आत गेला. भिंतींवर चिकटवलेले वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे कागद, दोरीवरचे कपडे, बरण्यांत भरून ठेवलेल्या भाज्या आणि फळं, मुलांच्या पायांतले फाटके बूट, रात्रीचा नाच, चर्चच्या आवारातलं एकत्र जेवण. त्यातले काही फोटो कोडॅक्रोम या तेव्हाच्या नव्या रंगीत फिल्मवर आहेत. महामंदी आपण काळी-पांढरीच पाहिली असल्याने, रंगीत कपड्यांतलं तिथलं एखादं कुटुंब पाहून आधी ते खरंच वाटत नाही. प्रत्येक फोटोखाली काय लिहायचं, त्याच्या नोंदी ठेवायला जीनची मदत असे. नुसत्या फोटोपेक्षा त्या नोंदींसकट फोटो कितीतरी बोलतो, हे तिच्यामुळे कळतं.

लीवर माझा एक आक्षेपही आहे. पाय टाउनमध्ये सगळे कष्टाळू, सगळे सोशीक, सगळे शेजाऱ्याला हात देणारे. भांडण नाही, दारू नाही, कोणी गाव सोडून चाललेला नाही. १९४०पर्यंत सरकारला दुःखापेक्षा जिद्द दाखवायची होती, युद्धाची छाया पडलेली होती, आणि लीलाही हे गाव म्हणजे जुन्या सीमेवरच्या वस्त्यांचा शेवटचा नमुना वाटत होता. पुढच्या दशकांत त्यातली बहुतेक कुटुंबं पाण्याअभावी उठून गेली. तो भाग सरकारी फोटोत येणार कुठून!

स्ट्रायकर यांच्या खात्यातल्या काही फोटोंवर काळा गोल डाग दिसेल, कधी आकाशात, कधी कोणाच्या छातीवर. तो छपाईचा दोष नाही. नापसंत निगेटिव्ह पुन्हा वापरली जाऊ नये म्हणून सुरुवातीची काही वर्षं त्यांच्या कार्यालयात तिला सरळ भोक पाडत. फोटोग्राफर संतापले, प्रथा थांबली. असे काही फोटो मुद्दाम घेतले आहेत; पैसे देणाऱ्याचा हात इतका उघड क्वचितच दिसतो.

याच खात्याचा मॅरियन पोस्ट वोलकॉटने ऑक्टोबर १९३९मध्ये मिसिसिपीतल्या बेलझोनी गावी काढलेला फोटो जरा थांबून पाहावा. सिनेमाच्या थिएटरची बाहेरची भिंत, भिंतीला लागून वर जाणारा जिना, आणि त्यावरून एकटा चढणारा काळा माणूस. काळ्यांनी या बाजूने जायचं. त्याची सावली त्याच्याआधी भिंतीवर पोचली आहे. त्या गावच्या कोणत्याही स्टुडिओत हा फोटो निघाला नसता, कारण गावाला तो जिना रोजचाच होता आणि रोजच्या गोष्टीचे पैसे कोणी देत नाही. त्यासाठी बाहेरून, सरकारी पगारावर आलेली बाई लागली.

शेवटचा विभाग आर्कान्सातल्या हेबर स्प्रिंग्सच्या माइक डिसफार्मरचा. मूळ आडनाव मायर. शेतकरी घराण्यातला हा माणूस. वावटळीने आपल्याला लहानपणी चुकीच्या घरात आणून टाकलं, असं सांगत असे, आणि १९३९मध्ये त्याने कायदेशीररीत्या आडनावच बदललं. गाव त्याला विक्षिप्त म्हणे, पण फोटो काढायला जाई त्याच्याकडेच. मुख्य रस्त्यावरच्या त्याच्या स्टुडिओत उत्तरेचा उजेड येई आणि मागे साधा पडदा असे. हसा, मान वळवा, असलं काही तो सांगत नसे. डगल्यावर घाम वाळलेला शेतकरी, सैन्यात निघालेला मुलगा आणि खांद्याला खांदा लावून त्याचे भाऊ, एकमेकींचा हात धरलेल्या मैत्रिणी. व्हॅन शेककडे पडदे आणि खुर्च्या होत्या. इथे माणूस सोडून काही नाही. दोन्हीकडे गिऱ्हाईक स्वतःच पैसे देत होतं, पण डिसफार्मर त्याला पेटी बाहेर आणायची संधी देत नाही.

१९५९मध्ये तो गेला. सगळ्या सामानासकट त्याच्या काचा गावच्याच एका निवृत्त अभियंत्याने पाच डॉलरला घेतल्या आणि जपल्या. सत्तरच्या दशकात स्थानिक वर्तमानपत्राचे संपादक पीटर मिलर यांच्या हाती त्या आल्या, न्यूयॉर्कच्या ज्युलिया स्कली यांनी त्यांचं मोल ओळखलं आणि १९७६मध्ये पुस्तक निघालं. हेबर स्प्रिंग्सचे शेतकरी संग्रहालयांच्या भिंतींवर गेले. २००४-०५च्या सुमारास न्यूयॉर्कच्या संग्राहकांना कळलं की डिसफार्मरने स्वतः छापलेल्या मूळ प्रती अजून त्या काउंटीतल्या घरोघरच्या अल्बममध्ये आहेत. मग तिथे माणसं नेमली गेली, दारोदार विचारणा झाली. कोणी आजीचा फोटो विकला, कोणी दार लावून घेतलं. गेल्या काही वर्षांत डिसफार्मरच्या दूरच्या नातलगांनीही हक्काचा प्रश्न काढला आहे. काच विकत घेणाऱ्याचा फोटो, की काढणाऱ्याच्या वारसांचा, की अल्बम सांभाळणाऱ्या घराचा, यावर वकील बोलू लागले. डगलेवाला शेतकरी या वादात कुठेच नाही. त्याने आपले पैसे त्याच दिवशी रोख दिले होते, आणि प्रत घरी नेली होती.